मऊ स्प्रिंग, घट्ट पकड

स्पोर्ट्स कारमध्ये पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट लगेच जाणवते. रस्त्यावरचा लहानसा खड्डासुद्धा थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो. "वेगवान गाडी म्हटली की एवढे सोसायचेच," असे तिचा मालक काहीशा अभिमानानेच सांगतो. याउलट एखादी मोठी, आरामशीर गाडी खड्डे गिळून टाकते, पण वळणावर होडीसारखी कलते. या दोन अनुभवांवरून आपण एक नियम बनवून टाकतो : आराम हवा असेल तर स्प्रिंगा मऊ, रस्त्यावर पकड हवी असेल तर स्प्रिंगा कडक. दोन्ही एकदम मिळणार नाहीत.

हा नियम अगदीच खोटा नाही. पण तो वाटतो तितका पक्काही नाही. चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या रचनेला सस्पेन्शन म्हणतात. या सस्पेन्शनचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की आराम आणि पकड यांच्यातले भांडण बरेचसे निसर्गाने लावलेले नव्हते. एकाच भागावर तीन कामे लादल्यामुळे ते उभे राहिले होते. ती कामे वेगळी होत गेली तसतसे भांडण मिटत गेले. ते कसे, हे या लेखात पाहू.

हूक आणि घोडागाडी

१ मे १६६५ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीची काही मंडळी कर्नल ब्लंट नावाच्या गृहस्थांकडे जेवायला गेली होती. त्यांत रॉबर्ट हूक होता आणि रोजनिशीमुळे पुढे प्रसिद्ध झालेला सॅम्युएल पीप्सही होता. जेवणानंतरचा कार्यक्रम होता घोडागाडीच्या प्रयोगांचा. गाडीचे धक्के कमी करण्यासाठी केलेल्या निरनिराळ्या रचना मंडळींनी स्वतः बसून पाहिल्या. त्यांपैकी एक फारच सुखद वाटली, अशी नोंद पीप्सने करून ठेवली आहे.

पुढे १६७६ मध्ये हूकने स्प्रिंगविषयीचा आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल जाहीर केली. स्प्रिंगला जेवढे बल लावावे त्या प्रमाणात ती ताणली जाते, हा तो नियम. आपण तो शाळेत शिकवतो, पण त्यातून निघणारी एक सोपी आणि फार उपयोगी गोष्ट सहसा सांगत नाही. ती अशी :

गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबली ते मोजा. त्या संख्येचे वर्गमूळ काढा. त्या वर्गमुळाने ५ ला भागा. येणारे उत्तर म्हणजे ती गाडी स्प्रिंगवर दर सेकंदाला किती झोके घेईल ती संख्या, म्हणजेच तिची वारंवारता.

समजा, स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबली. वर्गमूळ ५, म्हणून सेकंदाला १ झोका. स्प्रिंग फक्त ४ सेंटिमीटर दबली तर वर्गमूळ २, म्हणून सेकंदाला अडीच झोके. यात गाडीचे वजन वेगळे धरावे लागत नाही, कारण ते दबण्यातच आलेले असते.

आता आरामाचे पाहू. माणूस चालताना सेकंदाला साधारण दीड ते दोन पावले टाकतो आणि तेवढ्याच वेळा त्याचे शरीर वरखाली होते. त्यामुळे सेकंदाला एक ते दीड झोका आपल्याला खुपत नाही. सेकंदाला चार ते आठ कंपने मात्र सर्वांत जास्त त्रास देतात, कारण पोट आणि धड त्या कंपनांना जोरदार साथ देतात. म्हणजे आरामासाठी वजनाखाली भरपूर दबणारी, मऊ स्प्रिंग हवी. मग ती का बसवत नव्हते?

एक पाटा, तीन कामे

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये ओबडाया एलियट याने घोडागाडीसाठी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार स्प्रिंगांचे पेटंट घेतले. आजही ट्रकच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाहिले तर पोलादी पट्ट्यांची एकावर एक चढवलेली कमान दिसते. हेच पाटे. घोडागाडी मागे पडून मोटार आली तेव्हा तिने हे पाटे जसेच्या तसे उचलले.

पाट्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. ते गाडीचा भार पेलतात, हे पहिले काम. दोन्ही चाकांना जोडणारा आस ते जागच्या जागी धरून ठेवतात, हे दुसरे. पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणाने गाडीचे झोके शमतात, हे तिसरे. एकाच स्वस्त भागात तीन कामे होत असतील तर कोणाला नको?

पण अडचण इथेच होती. आरामासाठी पाटे मऊ करावेत, तर आस डगमगू लागे. ब्रेक लावला की पाटे पिळवटत आणि वळणावर चाके बाजूला सरकत. आस घट्ट धरावा म्हणून पाटे कडक करावेत, तर प्रवाशाची हाडे खिळखिळी होत. घर्षणाचाही भरवसा नसे. पट्ट्या गंजल्या तर पाटे जवळजवळ जाम होत आणि त्यांत वंगण घातले तर झोके थांबत नसत.

१९२० च्या दशकातल्या स्पोर्ट्स कारनी यातून एकच मार्ग निवडला. त्यांनी आराम सोडला. पाटे कडक ठेवायचे, प्रसंगी त्यांना दोरीने घट्ट आवळायचे. जितकी गाडी कडक तितकी ती वेगवान, अशी श्रद्धाच तयार झाली. सपाट रस्त्यावर ती खरीही ठरे. पण खडबडीत वळणावर काय होते ते पाहा. कडक स्प्रिंगवरचे चाक उंचवट्यावर आपटून उसळते आणि क्षणभर हवेत राहते. हवेतल्या चाकाची पकड किती? शून्य. गाडीला वळवणारे, थांबवणारे आणि पुढे ढकलणारे सारे बल टायर आणि रस्ता यांच्या हाताच्या पंजाएवढ्या स्पर्शातून येते. तो स्पर्श सुटला की चालकाचे कौशल्य काही कामाचे नाही. म्हणजे चाक रस्त्याला चिकटून राहावे ही पकडीचीच गरज आहे, आणि तिथपर्यंत तरी मऊ स्प्रिंग पकडीच्या बाजूची आहे.

ऑलीची गाडी

या कोड्याचा पद्धतशीर अभ्यास केला मॉरिस ऑली या अभियंत्याने. तो रोल्स-रॉइसमध्ये काम करून १९३० मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. तेथे त्याने एका लांबलचक कॅडिलॅक गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकांना वजने सरकवण्याची सोय केली. स्प्रिंगाही बदलता येत. मग निरनिराळ्या जुळण्या करून माणसांना गाडीत बसवायचे, गाडी चालवायची आणि त्यांना विचारायचे : आता कसे वाटते? आराम मोजणारे चांगले उपकरण हाताशी नव्हते, म्हणून त्याने प्रवाशाच्या अनुभवालाच मोजपट्टी मानले.

निष्कर्ष त्या काळच्या रिवाजाच्या उलट निघाला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. याचे कारण सोपे आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो आणि मागच्यांना थोड्या वेळाने. चाकांमधले अंतर अडीच मीटर आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर असेल, तर हा उशीर एक अष्टमांश सेकंदाचा असतो. पुढचा भाग सावकाश झोका घेत असेल आणि मागचा जरा लवकर, तर उशिरा सुरू झालेला मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि दोन्ही टोके बरोबर वरखाली होतात. तसे न झाल्यास गाडी झुलत्या घोड्यासारखी पुढेमागे डोलते. हे डोलणेच प्रवाशाला सर्वांत जास्त त्रास देते.

पण पुढचे पाटे मऊ करताच दुसरे संकट आले. एक चाक वर उचलले गेले की अखंड आस कलतो, त्याबरोबर दुसरे चाकही कलते. फिरते चाक म्हणजे भोवराच. त्याला कलवू गेले की ते काटकोनात वळू पाहते. परिणामी पुढची चाके डावी-उजवीकडे थरथरू लागत आणि स्टीअरिंग हातात राहत नसे. उपाय एकच होता. अखंड आस काढून टाकायचा आणि प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर स्वतंत्रपणे वरखाली होऊ द्यायचे. इटलीच्या लान्चिया कंपनीने आपल्या लाम्ब्दा गाडीत १९२२ मध्येच पुढची चाके स्वतंत्र केली होती. १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांतही स्वतंत्र पुढची चाके आली.

ही खरी श्रमविभागणी होती. आता चाकाला दिशा देण्याचे काम दांड्यांचे आणि भार पेलण्याचे काम नागमोडी स्प्रिंगचे. त्यामुळे स्प्रिंग हवी तेवढी मऊ करता येऊ लागली.

झोके कोण थांबवणार?

तिसरे काम उरले ते झोके शमवण्याचे. शास्त्रीय भाषेत याला अवमंदन म्हणतात. नागमोडी स्प्रिंगमध्ये पट्ट्या घासत नाहीत, म्हणून तिला अवमंदनासाठी वेगळा सोबती लागतो. तोच आपला शॉक ॲब्सॉर्बर. नाव फसवे आहे. धक्का पचवते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगचे नंतरचे नाचणे थांबवतो आणि त्यातली ऊर्जा उष्णतेत घालवतो.

सुरुवातीचे शॉक ॲब्सॉर्बर एकमेकींवर दाबलेल्या चकत्यांचे असत. कोरड्या घर्षणाचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. वस्तू हलवायला जोर जास्त लागतो आणि एकदा हलली की कमी. त्यामुळे लहान धक्क्याला या चकत्या जागच्या हलतच नसत आणि मोठ्या धक्क्याला त्यांचा विरोध अपुरा पडे. जेव्हा सौम्य असायला हवे तेव्हा कठोर आणि कठोर असायला हवे तेव्हा सौम्य!

लहान छिद्रांतून तेल ढकलणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरने हे उलटे केले. त्यात हालचाल सावकाश असेल तर विरोध कमी आणि वेगवान असेल तर जास्त. शिवाय झडपा लावून चाक वर जाताना कमी आणि खाली येताना जास्त विरोध ठेवता येतो. उंचवट्यावर चाकाला चटकन वर जाऊ द्यायचे, पण दबलेल्या स्प्रिंगला उसळू द्यायचे नाही.

वळणावर कलण्याला आणखी एक सोपा उपाय सापडला. डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी. दोन्ही चाके एकदम वर गेली तर ती नुसती फिरते, विरोध करत नाही. पण गाडी कलून एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की ती पिळली जाते आणि कलणे रोखते. म्हणजे स्प्रिंगा मऊ ठेवूनही कलणे कमी करता आले.

नाक मुरडणारे चाहते

इंग्लंडमधील एमजी कंपनीची टीसी ही दोन माणसांची गाडी १९४५ मध्ये आली. उंच, अरुंद तारांची चाके, पुढे अखंड आस आणि चारही बाजूंना पाटे. तिची बांधणी युद्धापूर्वीचीच होती. सुमारे दहा हजार गाड्या बनल्यावर कंपनीने टीडी आणली. तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र दांड्या आणि नागमोडी स्प्रिंगा होत्या. ही रचना कंपनीच्याच वाय-टाइप या कौटुंबिक गाडीतून घेतलेली होती.

काही जुन्या चाहत्यांनी नाक मुरडले. तारांची चाके गेली, हाडांना बसणारे धक्के गेले, मग ही स्पोर्ट्स कार कसली? पण खडबडीत वळणावर नव्या गाडीची पुढची चाके रस्ता सोडत नव्हती. १९५३ पर्यंत सुमारे तीस हजार टीडी बनल्या, म्हणजे आधीच्या गाडीच्या तिप्पट. धक्के म्हणजे वेग ही श्रद्धा गाडीच्या चाकांत नव्हती, चाहत्यांच्या मनात होती.

जेव्हा मार्ग चुकतो

मात्र चाक स्वतंत्र केले की सारे आपोआप साधते असे नाही. ते कोणत्या मार्गाने वरखाली होते, हे तेवढेच महत्त्वाचे. मर्सिडीज-बेंझच्या ३०० एसएल (१९५४) या प्रसिद्ध स्पोर्ट्स कारची मागची चाके झोक्याच्या पाळण्यासारखी मध्यापासून हलणाऱ्या अर्ध्या आसांवर बसवलेली होती. वेगाने वळताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलला जाई, चाके आत दुमडल्यासारखी कलत आणि पकड अचानक सुटे. १९५७ च्या रोडस्टरमध्ये कंपनीने या आसाचा सांधा खाली आणून हा दोष बराच कमी केला.

अमेरिकेत १९६० सालासाठी आलेल्या शेवरोले कॉर्व्हेअरमध्ये असेच अर्धे आस होते आणि इंजिनही मागे होते. ही गाडी साध्या कुटुंबांनी घेतलेली होती, शर्यतपटूंनी नव्हे. पुढे कलणे रोखणारी दांडी सुरुवातीच्या गाड्यांना प्रमाण म्हणून दिलेली नव्हती. ती १९६४ मध्ये आली आणि १९६५ साठी मागचे सस्पेन्शनच नवे केले गेले. त्याच वर्षी राल्फ नाडर यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकाचे पहिले प्रकरण या गाडीवर लिहिले. १९७२ च्या सरकारी अहवालाने ही गाडी त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचे म्हटले. वादाचा निकाल काहीही असो, एका दांडीचा प्रश्न माणसांच्या जिवाशी कसा येऊन भिडतो, हे त्यातून सर्वांना कळले.

मऊपणाचा विजय

१९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएन कंपनीची डीएस गाडी आली. तिच्यात पोलादी स्प्रिंगच नव्हती. पोल माझेस या तंत्रज्ञाने गोलकांत नायट्रोजन वायू कोंडला होता आणि तेलाच्या दाबाने तो आकुंचन पावत असे. वायूच स्प्रिंग झाला. माणसे किंवा सामान वाढले की पंप आणखी तेल ढकली आणि गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येई. इतकी मऊ गाडी शर्यतीत काय करणार? १९५९ ची अवघड मॉन्टे कार्लो रॅली हिच्याच आयडी या साध्या भावंडाने जिंकली. बर्फाळ, खडबडीत घाटांत चाके रस्त्याला चिकटून राहणे हेच महत्त्वाचे ठरले.

१९६२ मध्ये इंग्लंडच्या लोटस कंपनीने एलान ही स्पोर्ट्स कार आणली. कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने सांगाडा ताठ ठेवला आणि स्प्रिंगा मऊ. गाडीचे वजन सुमारे ६८० किलोग्रॅम. चारही चाके स्वतंत्र. पूर्वीच्या गाड्यांत याच्या उलट असे. सांगाडा लवचिक आणि स्प्रिंग कडक, त्यामुळे सांगाडाच स्प्रिंग बनून वाकडातिकडा होई आणि चाकांची दिशा बिघडे. एलान आरामात धावे आणि वळणावरच्या पकडीसाठी आदर्श मानली जाई.

याच कंपनीने १९८३ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत संगणकाच्या आज्ञेने हालणारे सस्पेन्शन उतरवले. १९८७ मध्ये आयर्तन सेना याने तशा गाडीतून मोनॅको आणि डेट्रॉइट या शर्यती जिंकल्या. १९९२ मध्ये विल्यम्स संघाची तशीच गाडी चालवून नायजेल मॅन्सेल विश्वविजेता झाला. १९९४ च्या हंगामापासून मात्र शर्यतीत या यंत्रणेवर बंदी आली. रस्त्यावरच्या गाड्यांत २००२ पासून दुसरी युक्ती आली. शॉक ॲब्सॉर्बरच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. चुंबकीय क्षेत्र लावताच ते साखळ्यांसारखे रांगा धरतात आणि तेलाचा विरोध काही सहस्रांश सेकंदांत वाढतो. असा द्रव अमेरिकेत जेकब राबिनो याने १९४८ मध्येच दाखवला होता.

सुधारणा करायची तर

एखाद्याला आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन सुधारायचे असेल, तर हा इतिहास त्याला कामांचा क्रम सांगतो. पहिल्यांदा टायर आणि सांध्यांतले झिजलेले रबरी बुश पाहावेत, कारण चाकाची दिशाच ढिली असेल तर पुढचे सारे व्यर्थ. मग शॉक ॲब्सॉर्बर. मग कलणे रोखणारी दांडी. स्प्रिंग सर्वांत शेवटी, आणि तीही लागेल तेवढीच कडक. बहुतेक जण याच्या उलट करतात. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचे वेटोळे कापतात. वेटोळे कापले की उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते आणि चाकाला वर जायला जागाही उरत नाही. गाडी दिसायला शर्यतीची होते आणि पकडीला पूर्वीपेक्षा वाईट.

हा सारा इतिहास एकाच गाडीत पाहायचा असेल, तर मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी आठवावी. तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र दांड्या आणि नागमोडी स्प्रिंगा होत्या, म्हणजे ऑलीचे शतक. मागे अखंड आस आणि पाटे होते, म्हणजे एलियटचे.

शेवटी वर्गात करायचा एक प्रयोग. एक मऊ, हलकी स्प्रिंग टांगा आणि तिला असे वजन लावा की ती १६ सेंटिमीटर ताणली जाईल. वर्गमूळ ४, म्हणून सेकंदाला सव्वा झोका. २० सेकंदांत किती झोके होतील, हे विद्यार्थ्यांना आधीच फळ्यावर लिहू द्या : २५. मग वजन थोडे ओढून सोडा आणि मोजा. नंतर तेच वजन पाण्याच्या भांड्यात बुडवून झोके किती लवकर विरतात ते पाहा. पहिला प्रयोग स्प्रिंगचा, दुसरा शॉक ॲब्सॉर्बरचा. दोघांची कामे वेगळी आहेत, हे समजायला मोटारीला सव्वाशे वर्षांचा बराच भाग खर्च करावा लागला. विद्यार्थ्यांना ते एका तासात दिसेल.